चढावर पुन्हा पुन्हा तापणारी जुनी डिझेल फोर बाय फोर: कारण शोधायचा क्रम

आयात केलेली जुनी डिझेल फोर बाय फोर आडवाटेच्या प्रवासासाठी बांधायला घेतली की एक तक्रार हटकून येते. सपाटीवर गाडी ठणठणीत चालते. सामान भरून लांब चढाला लागली की तापमानाचा काटा वर सरकू लागतो. मालक रेडिएटर बदलतो, काही दिवस बरं जातं आणि पुढच्या डोंगराळ प्रवासात पुन्हा तेच. मग थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप), मग वॉटर पंप, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, आता हेड (सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग) उतरवूनच बघू.

हेड उतरवण्याआधी हे वाचा. ही तक्रार परत परत येते, कारण भाग बदलले जातात पण गाडी नेमकी कोणत्या परिस्थितीत तापते याची नोंद कुणी ठेवत नाही. इंजिन जेवढी उष्णता तयार करतं तेवढी बाहेर टाकता आली पाहिजे, एवढाच हा हिशेब आहे. गाडी बांधताना आपण तो दोन्ही बाजूंनी बिघडवतो. मोठे टायर, लोखंडी बंपर, छतावरचं सामान आणि जादा डिझेलची टाकी यांनी इंजिनावरचा भार वाढतो. त्याच बंपरने, विंचने (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि दिव्यांनी रेडिएटरपुढची हवा अडते. कारखान्यातून निघताना गाडीत जी शिल्लक क्षमता होती, ती तीस वर्षांच्या गंजाने आधीच खाल्लेली असते. म्हणून अशा गाडीत एकच मोठा दोष सापडेल असं धरून चालू नका. तीन-चार छोट्या कमतरता एकत्र येऊन चढावर उघड्या पडतात, असंच जास्त वेळा दिसतं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका

या काळातल्या बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. टोयोटा लँड क्रूझरच्या ८० सीरिजबद्दल हे सर्वांना ठाऊक आहे: तापमान मोठ्या पट्ट्यात वरखाली झालं तरी काटा मध्यावर जागचा हलत नाही. तो हलला हे तुमच्या लक्षात येईपर्यंत इंजिन बरंच तापलेलं असतं. त्यामुळे पहिला खर्च अंश दाखवणाऱ्या वेगळ्या मीटरवर करा. त्याचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला बसवा. वरच्या होस पाइपात बसवलात तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तो काहीच सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. पाण्यात बुडालेला सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच निघून गेलं तर तो हवेत लटकतो, आणि इंजिन भाजत असताना आकडा खाली येऊ शकतो. म्हणून कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी खाली गेली की वाजणारा अलार्म लावा, किंवा थेट हेडच्या धातूवर बोल्टखाली बसणारा सेन्सर लावा. दोन्ही लावता आले तर उत्तम. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या गाडीत मी याला विंचपेक्षा वरचं स्थान देतो.

तिसरं मीटर एक्झॉस्टच्या तापमानाचं. टर्बो असेल तर त्याचा प्रोब टर्बोच्या आधी बसवावा, कारण टर्बोनंतर तापमान बरंच उतरलेलं असतं. जुन्या डिझेलसाठी सतत ६५० अंश सेल्सिअस आणि थोडा वेळ ७०० ही मर्यादा बरेच अनुभवी लोक पाळतात, मीही पाळतो. इथे पेट्रोल गाडीची सवय विसरावी लागते. पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडलं की उष्णता वाढते, डिझेलमध्ये ते जास्त पडलं की वाढते.

पाण्याच्या बाबतीत माझा नियम असा: ९५ पर्यंत चालू द्या, १०० ला पायाचा जोर कमी करून खालचा गिअर टाका, १०५ ला थांबा. जुन्या हेडच्या बाबतीत यापेक्षा जास्त धाडस करू नका.

आधी सांगा, गाडी तापते कधी?

पाना हातात घेण्याआधी एक प्रवास फक्त नोंदीसाठी करा. वेग, गिअर, इंजिनाच्या फेऱ्या, बाहेरचं तापमान, एसी चालू की बंद आणि दोन्ही मीटरचे आकडे शेजारी बसलेल्या माणसाने लिहून घ्यावेत.

कमी वेगात, वाळूत किंवा फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये) दगडांवरून जाताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग धरताच निवत असेल, तर हवा कमी पडते आहे. अशा वेळी पंखा आणि त्याच्या आजूबाजूला शोध घ्या. याच्या उलट, हळू चालताना ठीक पण ताशी ८० ने लांब चढ घेताना तापत असेल, तर वाऱ्याची कमतरता सहसा नसते. तिथे रेडिएटरची क्षमता, पाण्याचा प्रवाह किंवा इंजिनावरचा भार यांपैकी काहीतरी आहे. एक्झॉस्टचं तापमान आधी चढलं आणि पाणी काही मिनिटांनी मागोमाग चढलं, तर दोष इंजिनावरच्या भारात किंवा जास्तीच्या डिझेलमध्ये आहे. एक्झॉस्ट शांत असताना पाणी एकटंच चढत असेल, तर थंड करणाऱ्या बाजूला बिघाड आहे. दोन मीटर शेजारी असण्याचा खरा फायदा हा.

आकडा झटक्यात वर जातो, झटक्यात खाली येतो आणि त्याचा भाराशी मेळच लागत नाही, असं असेल तर पाण्यात हवा आहे. ती बाहेरून शिरलेली असू शकते किंवा सिलिंडरमधून येत असू शकते. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

हवेची बाजू: बांधलेल्या गाडीत दोष बहुधा इथे असतो

गाडीसमोर जमिनीवर बसा आणि रेडिएटरच्या उंचीवरून पाहा. जाळीतून रेडिएटरचा किती भाग खरोखर दिसतो? विंच बंपरच्या वर बसवलेली असते, तिच्या मागे कंट्रोल बॉक्स, त्याच्या वर दोन मोठे गोल दिवे, मध्ये नंबरप्लेट. टर्बोसाठी नंतर बसवलेला इंटरकूलर असेल तर तो आणखी एक पडदा, आणि तो स्वतः तापलेली हवा मागे पाठवतो. दिवे छतावर किंवा बंपरच्या टोकांना हलवा, कंट्रोल बॉक्स बॉनेटखाली न्या, नंबरप्लेट बाजूला करा. याला फारसा खर्च नाही आणि फरक मीटरवर दिसतो.

मग एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट पाहा. बाहेरून दोन्ही स्वच्छ दिसतात, पण या फटीत चिखल, गवताचं बी आणि मेलेले किडे यांचा थर बसलेला असतो. पाण्यातून गाडी काढली असेल तर हा थर जमून घट्ट होतो. पुढून पाइपने पाणी मारलं की तो आणखी आत रुतून बसतो. रेडिएटर सोडवून पुढे कलंडवा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर असं हलक्या दाबाचं पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पातळ पत्रे आडवे होतात आणि मग हवा कायमची अडते.

बॉडी लिफ्ट केलेल्या गाडीत तर पहिल्यांदा श्राउडच बघावं. श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचं ते प्लास्टिकचं कडं. पंखा इंजिनाला जोडलेला असतो आणि रेडिएटर बॉडीला. बॉडी दोन इंच उचलली की रेडिएटर व श्राउड वर जातात, पंखा तिथेच राहतो. पाती श्राउडच्या खालच्या कडेला घासू लागतात, म्हणून कुणीतरी ती कड कापून टाकतं किंवा श्राउडच काढून ठेवतं. श्राउड नसलेला पंखा आपल्यापुरत्या गोलातून हवा ओढतो आणि कडेकडेने तीच गरम हवा पुढे परत फिरते. रेडिएटरचे कोपरे तर वाऱ्याविना राहतात. श्राउडचे ब्रॅकेट लिफ्टइतके खाली घेऊन ते पंख्याच्या मध्याशी जुळवा. पात्यांची साधारण अर्धी रुंदी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर असावी.

रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या रबरी पट्ट्या बहुतेक जुन्या गाड्यांतून गायब झालेल्या असतात. हवेला कडेने पळवाट मिळाली की ती रेडिएटरमधून जात नाही. जाड रबर कापून त्या नव्याने बसवा. इंजिनाखालचा पत्रा कुणी काढून टाकला असेल तर तोही परत लावा, हवा मागे खेचली जायला तो मदत करतो.

आता व्हिस्कस फॅन, म्हणजे इंजिनावरचा मूळ पंखा. त्याच्या हबमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि पुढच्या बाजूला दुहेरी धातूची स्प्रिंग. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की स्प्रिंग आतली झडप उघडते, तेल पसरतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. या स्प्रिंगवर चिखल वाळून बसला तरी तिचं काम अडतं. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पंखा मिनिटभर घोंगावून शांत झाला तर ते चांगलं लक्षण आहे. चढावर मीटर ९५ दाखवत असताना मात्र तो घोंगावला पाहिजे, आणि तो आवाज आत बसूनही ऐकू येतो. ऐकू येत नसेल तर गरम इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवा. तो जड लागला पाहिजे. एका धक्क्यात सैल गरगरत राहिला तर हब संपला. हबच्या तोंडाशी तेलाचे ओघळ दिसले तरी तेच. टोयोटाच्या अनेक हबमध्ये सिलिकॉन तेल नव्याने भरता येतं, त्यामुळे लगेच फेकून देऊ नका.

इथे अनेकजण व्हिस्कस फॅन काढून विजेचे पंखे लावतात. अवजड, चढावर हळू चालणाऱ्या डिझेल गाडीसाठी मी त्याच्या ठाम विरोधात आहे. पूर्ण जोरात फिरणारा मूळ पंखा इंजिनाकडून काही किलोवॅट शक्ती घेतो आणि त्या बदल्यात हवेचा लोट ओढतो. जुन्या गाडीचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर १२ व्होल्टवर सगळं मिळून पाऊण किलोवॅटही देत नाही. तेवढ्या विजेत ते काम होणार नाही. शिवाय काही जुन्या जपानी डिझेल गाड्या २४ व्होल्टच्या आहेत. त्यांत १२ व्होल्टचा पंखा दोनपैकी एकाच बॅटरीवरून चालवला तर दोन्ही बॅटऱ्यांचा समतोल बिघडतो आणि मग सकाळी गाडी सुरू न होण्याची नवीच तक्रार मागे लागते.

पाण्याची बाजू

सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करा. सगळ्यात स्वस्त भाग हा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याच्याकडेच. झाकणामुळे आतला दाब टिकतो आणि दाबामुळे पाणी उशिरा उकळतं. ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळेल. ३००० मीटर उंचीवर हाच आकडा सुमारे ११३ होतो, कारण बाहेरचा हवेचा दाबच कमी झालेला असतो. झाकण दाब धरत नसेल तर त्याच उंचीवर पाणी ९० च्या आसपास उकळायला लागतं. अनेक डिझेल इंजिनांचा थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला सुरुवात होते, म्हणजे हातात आठ अंशही राहिले नाहीत. अशी गाडी खाली शहरात वर्षभर बिनतक्रार चालेल आणि डोंगरात पहिल्याच दिवशी पाणी फेकेल. झाकण आणि पूर्ण यंत्रणा दाबाच्या पंपाने तपासा. गाडी निवल्यावर वरचा होस पाइप चपटा झालेला दिसला, तर झाकणाची आत हवा घेणारी छोटी झडप अडकली आहे.

थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरबरोबर तापवा. त्यावर छापलेल्या अंशांना तो हलायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत ८ ते १० मिलिमीटर उघडला पाहिजे. बसवताना त्यावरची छोटी हलती पिन सगळ्यात वर ठेवा, हवा तिथूनच निघते.

एक सल्ला मात्र कुणीही दिला तरी ऐकू नका: थर्मोस्टॅट काढूनच टाका. टोयोटाच्या जुन्या डिझेलसकट अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खाली एक चकती असते. तो उघडला की ही चकती बायपासचं (रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो. चढावर गाडी आणखी तापते. बाजारात ही चकती नसलेले, फक्त मापाने बसणारे थर्मोस्टॅटही मिळतात. त्यांचा परिणाम हाच, आणि "थर्मोस्टॅट नवा घातला तरी फरक नाही" या तक्रारीमागे काही वेळा हेच असतं. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघितल्याशिवाय बसवू नका. आयात गाडीत तर भाग मागवताना चासी नंबर आणि इंजिनाचा कोड दोन्ही द्या. जपानी बाजारासाठी बनलेल्या गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, त्यामुळे मॉडेलच्या नावावरून मागवलेला भाग दुसऱ्याच देशातल्या रूपाचा निघू शकतो.

रेडिएटर तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत धातूवर तो खोटा, कमी आकडा देतो, म्हणून आधी जागोजागी काळी टेप चिकटवा आणि त्यावर नेम धरा. गरम इंजिनावर, पंखा फिरत असताना हात लांब ठेवून, रेडिएटरभर आकडे घ्या. पाणी ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा गार पट्टा आढळला तर तिथल्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत. गळती बंद करायची पावडर कुणी कधी टाकली असेल तर ती याच नळ्यांत जाऊन बसते. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाक्या उघडून नळ्यांना रॉड मारून घेता येतो. पण त्याआधी बाहेरचे पातळ पत्रे बोटाने चाचपा. ते भुगा होऊन गळत असतील, किंवा नळीपासून सुटले असतील, तर नळ्या कितीही साफ केल्या तरी उपयोग नाही. असा रेडिएटर गळत नाही, आतून स्वच्छ असतो, पाणी व्यवस्थित वाहतं, पण उष्णता हवेत जातच नाही. तो बदलावाच लागतो.

खालचा होस पाइपही पाहा. इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर त्यातली तारेची स्प्रिंग गंजून गेली आहे किंवा नवा पाइप घालताना ती टाकायची राहिली आहे. उभ्या गाडीत हे कळत नाही, चढावर मात्र प्रवाह अर्ध्यावर येतो.

वॉटर पंप गळत नाही म्हणून तो ठीक, असंही नसतं. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात त्याची पाती गंजून बोथट झालेली असतात. बेल्ट घसरत असेल तर पंप आणि पंखा दोन्ही मंदावतात. पाण्यातून किंवा चिखलातून गाडी काढल्यावर बेल्टचा ताण आठवणीने बघा.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं ठेवा. कूलंट जास्त घातलं की गाडी जास्त थंड राहते हा समज चुकीचा आहे. कूलंटमधलं ग्लायकोल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. त्याचं काम गोठणं आणि गंज थांबवणं आणि उत्कलनबिंदू वर नेणं. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळू नका, आधीचं कोणतं आहे ठाऊक नसेल तर सगळं काढून धुऊन मग भरा.

मागच्या हीटरच्या नळ्यांबद्दल आवर्जून सांगतो. लँड क्रूझर, प्राडो, पजेरो, डेलिका यांच्या अनेक जपानी रूपांत मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर असतो आणि त्याच्या लोखंडी नळ्या गाडीखालून लांबवर जातात. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातून आलेल्या गाडीत त्या आतून-बाहेरून गंजलेल्या असतात. सुईएवढं भोक पडतं, गरम असताना दाबाने थोडं पाणी उडतं, खालच्या धुळीत ते दिसतही नाही, आणि निवताना त्याच भोकातून हवा आत शिरते. रोज थोडं पाणी कमी होतं, रोज थोडी हवा शिरते, आणि मालक हेड गॅस्केटला दोष देत राहतो. नळीचा संपूर्ण मार्ग हाताने चाचपत जा, चेसिसवरच्या क्लिपांखाली खास करून. मागचा हीटर नको असेल तर इंजिनाजवळच दोन्ही टोकं नीट जोडून तो वेगळा करा.

पाणी भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवा, दोन्ही हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू द्या. बुडबुडे थांबल्यावरच झाकण लावा. पहिल्या लांब फेरीनंतर थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा.

उष्णता तयार होते ती बाजू

आता वजन आणि टायर. ६ टक्के चढावर ताशी ६० च्या वेगाने ६०० किलो जादा वजन न्यायला चाकांवर सुमारे ६ किलोवॅट जादा लागतात. प्रीचेंबर (डिझेल आधी जिथे पेटतं ती छोटी पोकळी) असलेल्या जुन्या डिझेलमध्ये जेवढी शक्ती कामी येते, ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यात जाते. म्हणजे बंपर, विंच, जादा टाकी आणि छतावरच्या सामानाने रेडिएटरवर ६ किलोवॅटचा नवा बोजा टाकला, तोही आपण रेडिएटरची हवा अडवल्यानंतर.

३१ इंची टायर काढून ३५ इंची घातले की गिअरचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी उंच होतं. ४.११ चं क्राऊन-पिनियन (अॅक्सलमधली गिअरची जोडी) ३.६४ सारखं वागू लागतं. इंजिन फेऱ्या न घेता जोर लावत बसतं, आणि पंखा व वॉटर पंप त्याच वेगाला ११ टक्के हळू फिरतात. मूळ वागणूक परत हवी असेल तर ४.५६ चं, आणि गाडी अवजड असेल तर ४.८८ चं क्राऊन-पिनियन पुढे-मागे दोन्हीकडे एकच प्रमाण ठेवून घाला. ते होईपर्यंत एक गिअर खाली चालवा. टोयोटाच्या १एचझेडसारख्या ४.२ लिटरच्या इंजिनाचा टॉर्क २२०० फेऱ्यांजवळ सर्वाधिक असतो. चढावर त्याच्या खाली उतरू देऊ नका, गाडी ओरडते म्हणून घाबरू नका. खडबडीत चढाला फोर लो टाकायला लाजू नये, त्यासाठीच ते दिलेलं आहे.

डिझेलच्या इंजेक्शन पंपाचा डिझेल वाढवायचा स्क्रू आधीच्या मालकाने फिरवलेला असेल तर चढावर काळा धूर येईल आणि एक्झॉस्टचा आकडा सांगून जाईल. उंचीवर हा दोष वाढतो. ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे चतुर्थांशाने कमी असते, पण टर्बो नसलेल्या इंजिनाचा साधा पंप डिझेल तेवढंच टाकत राहतो. काही गाड्यांच्या पंपावर उंचीनुसार डिझेल कमी करणारा भाग असतो, तो निकामी झालाय का बघा. टर्बोशिवाय बनलेल्या इंजिनावर टर्बो चढवला असेल तर एक्झॉस्टच्या मीटरशिवाय ती गाडी डोंगरात नेऊच नये. इंजेक्शनचं टायमिंग मागे पडलं असेल तरी एक्झॉस्ट आणि पाणी दोन्ही तापतात, म्हणून टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर आधी तिकडे बघा.

ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा भाग) हळू चढावर सतत घसरतो आणि त्याच्या तेलाची उष्णता रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमार्गे पाण्यात येते. वेगळा तेलाचा कूलर लावा, पण रेडिएटरच्या समोर मधोमध नको. आणि चारही चाकं उचलून हाताने फिरवा: चिकटलेला ब्रेक कॅलिपर गाडीला दिवसभर मागे ओढत असतो.

सिलिंडरमधून पाण्यात गॅस

इतकं सगळं तपासून झाल्यावरच हेडकडे वळा. खुणा अशा: सकाळी पूर्ण थंड गाडीचा वरचा होस पाइप दाबून बघितला तर तो अजून कडक लागतो. तापण्याआधीच रेडिएटरच्या बाजूच्या जादा पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात. भार दिला की पाणी बाहेर फेकलं जातं आणि रिकाम्या फेऱ्यांवर काहीच होत नाही.

रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवाची चाचणी स्वस्त आहे. पाण्यावरच्या हवेत ज्वलनाचा गॅस असेल तर द्रव हिरवट-पिवळट होतो. मात्र डिझेल इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि चाचणी खोटी "ठीक" दाखवू शकते. चढावरून आल्या आल्या, फेऱ्या वाढवून करा.

टोयोटाच्या २.४ लिटर २एल-टीई इंजिनाचं हेड तडकण्यासाठी ओळखलं जातं. त्यानंतर १९९३ मध्ये आलेल्या ३ लिटरच्या १केझेड-टीईच्या हेडबद्दलही हीच काळजी घ्यावी लागते. अशा गाडीत नुसतं गॅस्केट बदलून बंद करू नका, हेडची तडा आणि दाब यांची तपासणी करून घ्या. लेथवर फेस मारून घेतला असेल तर व्हॉल्व्ह किती आत राहतात ते मोजावं लागतं. डिझेलचं गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून ते निवडायचं असतं, जाडी गॅस्केटच्या कडेच्या खाचांवरून किंवा खुणेवरून कळते. आणि गॅस्केट ज्या कारणाने गेलं ते कारण दुरुस्त केल्याशिवाय नवं घातलं तर तेही जाईल. तापण्याची तक्रार परत येण्याचं हे सगळ्यात महाग रूप आहे.

दुरुस्तीनंतर, आणि वाटेत तापलीच तर

एका वेळी एकच बदल करा. मग तोच चढ, तेवढंच सामान, तोच गिअर, शक्य तितकं तेच हवामान घेऊन आकडे पुन्हा लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

वाटेत आकडा चढला आणि पाणी जागेवर असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. गाडीचं नाक वाऱ्याकडे करून थांबा, न्यूट्रलमध्ये १२०० ते १५०० फेऱ्या ठेवा, एसी बंद, हीटर पूर्ण. पाणी आणि पंखा फिरत राहिला तर हेडमधली साठलेली उष्णता निघून जाते. पातळीचा अलार्म वाजला असेल किंवा वाफ येत असेल तर मात्र तत्काळ बंद करा, कारण फिरवायला पाणीच उरलेलं नाही. झाकणाला तासभर तरी हात लावू नका. वरचा होस पाइप हाताने दाबता येईल इतका मऊ आणि कोमट झाल्यावर जाड कापड टाकून हळू उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर जे हेड वाचलं होतं तेही तडकू शकतं. निवल्यावर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं भरा. हाताशी साधं पाणी असेल तर तेही चालेल, मुक्कामाला पोचल्यावर कूलंटचं प्रमाण परत निम्म्यावर आणा आणि किती पाणी लागलं ते लिहून ठेवा. पुढच्या तपासणीत गळती शोधायला तोच आकडा लागेल.